धिबानचं कोरडं टाकं

गुरुवारी दुपारी एकला खोदकाम थांबलं आणि माणसं घमेली पालथी घालून टेकाडावरून खाली उतरली. आभाळ तेव्हा थोडं पिवळट दिसत होतं, एवढंच. मे अखेरीला मृत समुद्रापलीकडच्या धिबान गावात असल्या आभाळाकडे कोणी मान वर करून बघत नाही.

खोदकामवाल्यांनी भाड्यानं घेतलेल्या घराच्या पडवीत फिद्दा खापरं धूत बसली होती. सात हंगाम तिनं या टेकाडावर काम केलं होतं. खापर मवाबच्या राजांच्या काळातलं की रोमनांच्या, हे ती ब्रश लावण्याआधी बोटांनीच ओळखायची. आज मात्र बोटं नुसतीच पाण्यात फिरत होती. सकाळी झर्का शहरातून तिच्या मुलाचा, हाइलचा, फोन आला होता.

"यम्मा, घर मिळालं. शनिवारी ट्रक घेऊन येतो. आजोबांची औषधं तेवढी वेगळी बांध."

"बरं," ती म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. पाण्याचा टँकर दहा दिवसांनी यायचा, कधी तेही नाही. टेकाडाच्या पायथ्याच्या गल्लीत पाच घरं, त्यातल्या चारांना कुलपं. उरलेल्या घरात ती आणि तिचा सासरा, हाजी सुवेलेम. चाळीस वर्षं तो खोदकामावर मुकादम होता. जगभरचे विद्वान त्याच्याकडून माती वाचायला शिकले. आता जेवलो की नाही, हेही त्याला आठवत नव्हतं. वर्षभरात त्यानं सुनेला नावानं हाक मारली नव्हती.

"उम्म हाइल, या बादलीची नंबराची चिठ्ठी कुठंय?" खोदकामाच्या प्रमुख डॉ. लमीस यांनी विचारलं. हाइलची आई म्हणून त्या तिला तशीच हाक मारत.

"उडाली असेल. चराच्या कडेला नंबर लिहिलाय, बघून येते."

"आत्ता, उन्हात? उद्या बघू."

"उद्या शुक्रवार. आणि शनिवारी मी असेन की नाही, कुणास ठाऊक."

मेतेब, तिच्या नात्यातला, खापरांच्या पेट्या रचत होता. तो हसला. "झर्काला जाऊन काय घासणार गं? लिफ्टची बटणं?"

"तुझी जीभ घासते आधी," ती म्हणाली, आणि डोक्यावरचा रुमाल आवळून निघाली.

टेकाडावर चिटपाखरू नव्हतं. चरात उघड्या पडलेल्या भिंती गुडघ्याएवढ्या, सकाळीच तिनं झाडलेल्या. बादलीचा नंबर तिनं तळहातावर लिहून घेतला आणि मान वर केली. पलीकडच्या उतारावर एक वाकलेली पाठ, डोक्यावर पांढरा रुमाल. सुवेलेम. घरी झोपवून आली होती ती त्याला.

"अम्मो! थांबा तिथंच!" तिनं सासऱ्याला हाक मारली.

त्यानं वळून पाहिलं नाही. कोणीतरी हात धरून न्यावं तसा, एक हात पुढे करून तो चालला होता. फिद्दा धावायला लागली आणि तेवढ्यात पाठीमागून ऊन विझलं. तिनं मागं पाहिलं. मृत समुद्राच्या बाजूनं धुळीची भिंत उभी राहिली होती, जमिनीपासून आभाळापर्यंत. खमासीन.

धूळ आली ती अंगावर कोसळलीच. डोळे, नाक, तोंड, सगळं भरलं. फिद्दा खाली बसली आणि चाचपडत चराची भिंत शोधू लागली. भिंतीच्या कडेनं गेलं की उतार लागतो, हे तिला पाठ होतं. हाताला दगड लागले. आधारासाठी तिनं हात वर सरकवला, भिंतीच्या माथ्यावर ठेवायला.

माथा लागला नाही.

ती उभी राहिली. हात ताणला, टाचा उंचावल्या. भिंत वर गेलेलीच होती. दगडांवर ओला, गुळगुळीत गिलावा होता. सकाळी इथं फक्त गुडघाभर दगड होते. तिनं स्वतःच्या हातांनी झाडले होते ते...

आणि वारा थांबला. थांबला म्हणजे वर कुठंतरी घोंघावत होता, छपरांवरून घोंघावतो तसा. खाली गल्लीत हवा स्तब्ध होती आणि चुन्याचा ओलसर वास येत होता. पिवळ्या अंधारात दोन्ही बाजूंना दरवाज्यांच्या काळोख्या चौकटी दिसत होत्या. फिद्दाचे पाय चालत होते. एका उंबऱ्याशी ती अडखळली. मधोमध झिजून खोलगट झालेला तो दगड तिनं किती वेळा धुतला होता! आता तो झिजलेला नव्हता. कालच बसवल्यासारखा धारदार होता.

"अम्मो..." तिनं हाक मारली.

उत्तर आलं, पण त्याचं नव्हे. समोरून बायका कुजबुजत येत होत्या. भाषा अरबी नव्हती, पण परकीही वाटेना. शेजारच्या खोलीतलं बोलणं भिंतीतून यावं, शब्द न कळता सूर तेवढा कळावा, तशी. मग कोणीतरी तिचं मनगट धरलं.

हात लहान होता, खरखरीत, आणि ओला. फिद्दानं बघितलं नाही. अजूनही कोणी विचारलं की ती सांगते, "बघितलं असतं तर दिसलं असतं. म्हणून नाही बघितलं."

तो हात तिला घेऊन चालला. मग पायऱ्या लागल्या, खाली उतरणाऱ्या, पायाला गार. दोन्ही बाजूंनी अंगाला कोणी कोणी घासून वर चाललं होतं, खांद्यावर जड काहीतरी घेतल्यासारखं जपून, श्वास टाकत. हळूहळू उजेड मागं राहिला. शेवटच्या पायरीवर मनगट सुटलं.

काळोखात थेंब पडत होते. एक... मग बराच वेळानं दुसरा.

"आलीस, फिद्दा?"

सुवेलेमचा आवाज होता, पण जुना, मुकादमाचा. वीस माणसांना एका हाकेत कामाला लावणारा. वर्षानंतर तिचं नाव त्या तोंडून आलं होतं.

"अम्मो, कुठं आहात? चला... चला वर."

"बस जरा. सगळे बसलेत."

"कोण सगळे?"

मग तिला ऐकू आले ते श्वास. डावीकडे, उजवीकडे, अगदी पाठीशी. दहा, वीस, किती ते कळेना. म्हाताऱ्यांचे संथ श्वास, लेकराचा भरभर चालणारा.

"घाबरू नकोस," म्हातारा हळूच म्हणाला. "गावातलेच आहेत. हे गाव सहा वेळा उठलं, पोरी. जळलं, लुटलं, पाणी आटलं. प्रत्येक थर या हातांनी खणलाय मी. राख, तिच्यावर नुसती माती, दोनशे-तीनशे वर्षांची, आणि मग त्या मातीवर परत चूल. प्रत्येक वेळी वाटायचं, पहिली चूल मांडायला कोण आलं असेल? एकटं कसं राहिलं असेल..." तो थांबला. "ह्या त्या बायका."

थेंब पडला. पाठीमागून कुजबूज उठली आणि विरली.

"त्या विचारतायत," सुवेलेम म्हणाला, "तू जाणार का म्हणून."

फिद्दाला वाटलं, नाही म्हटलं तर सोडतील. हो म्हटलं तर... पण खोटं बोलायला जीभ वळेना. तिनं आयुष्यात लबाडी केली असेल-नसेल, पण त्या काळोखात करायची तिची छाती नव्हती.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मला जायचं नाही. पण पाणी नाही, माणूस नाही. एकटीनं कसं राहू ते मला कळत नाही. आत्ता फक्त या म्हाताऱ्याला घरी नेऊ द्या. पाया पडते."

तेव्हा तिच्या ओठांना गार काठ लागला, मातीच्या भांड्याचा. पाण्याला चुन्याची चव होती. ती प्यायली. घटाघटा प्यायली, आणि तिला रडू फुटलं. त्या रडण्यात भीती किती आणि काय किती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

वरून धाडकन उजेड पडला.

"फिद्दा! अगं फिद्दा!" मेतेबचा आवाज होता. बॅटरीचा झोत खाली फिरत होता. "जिवंत आहेत! दोघंही आहेत! दोर आणा!"

त्या उजेडात तिनं सभोवार पाहिलं. सुरईच्या पोटासारखं गोल टाकं, उडालेला गिलावा, तळाशी सुकलेली माती आणि दगडगोटे. सुवेलेम भिंतीला टेकून शांत बसला होता. बाकी कोणी नव्हतं. पायऱ्याही नव्हत्या. वर चार पुरुष उंचीवर घागरीच्या तोंडाएवढं दिसणारं भोक होतं, आणि त्यातून मेतेबचं डोकं डोकावत होतं.

दोघांना दोरानं वर काढलं. धूळ खाली बसली होती. टेकाडाच्या पायथ्याशी, फिद्दाच्याच घरामागं, सुवेलेमच्या जमिनीतलं ते टाकं होतं. त्याच्या आजाच्या आधीपासून कोरडं. डॉ. लमीस यांनी तिचे हात, पाय, डोकं तपासलं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

"उतरलात कुठून, उम्म हाइल?"

"पायऱ्यांनी."

लमीसनी मेतेबकडे पाहिलं. मेतेबनं बाजूला पडलेल्या दगडाकडे बोट दाखवलं, जात्याच्या चौपट मोठ्या. "हा तोंडावर बसलेला होता. आम्ही चौघांनी पहारी लावून सरकवला. आतून हाजींचा खोकला ऐकू आला म्हणून. नाहीतर..." एरवी थट्टेशिवाय न बोलणारा मेतेब वाकून दोर गुंडाळू लागला.

फिद्दानं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पिळला. पाणी निघालं.

त्या रात्री सुवेलेम मरमियाचा पाला घातलेला चहा प्याला, सुनेला म्हणाला, "साखर कमी टाकलीस, फिद्दा," आणि ती हसत हसत रडली. ते भान टिकेल असं दवाखान्यातले डॉक्टरही म्हणेनात. पण ते टिकलं. सगळं नाही, पुष्कळसं.

शनिवारी हाइल ट्रक घेऊन आला. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि मग म्हणाली, "ट्रक रिकामा ने, बाबा."

"यम्मा, वेड लागलंय का? इथं आहे काय? पाणी तरी आहे का?"

"टाकं आहे," म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला. "मवाबच्या राजा मेशानं दगडावर कोरून ठेवलंय, ज्यानं त्यानं आपल्या घरात टाकं खणावं. तीन हजार वर्षं झाली, आणि तुम्ही टँकरची वाट बघताय. पाणी आत यायची चरी कुठं तुंबलीय ते मला ठाऊक आहे. फावडं आण."

हाइल चिडला, आजोबांशी भांडला, आणि दुपारी फावडं घेऊन उतारावर गेला. चरी म्हाताऱ्यानं सांगितली तिथंच निघाली. लमीसनी गाळ हातानं, थराथरानं उपसून घेतला, तपासला, नोंदवला. आतला गिलावा मेतेबनं नव्यानं केला. नोव्हेंबरात तीन रात्री पाऊस लागला आणि टाक्यात पाणी साठलं. वसंतात गल्लीतल्या दुसऱ्या घराचं कुलूप निघालं. मेतेबच्या बहिणीचं कुटुंब परत आलं. उन्हाळा लागायच्या आत तिसरं घर उघडलं. हाइल अजून झर्कालाच असतो, पण दर गुरुवारी येतो, आणि गेल्या खेपेला छपराचं माप घेऊन गेला.

सगळे त्या टाक्यातलं पाणी पितात. पण पहाटेची पहिली बादली फिद्दाच काढते, दुसऱ्या कोणाला काढू देत नाही. बादली ती सावकाश सोडते. पाणी खोल गेलंय, दोर बराच लागतो. अर्धाही दोर गेलेला नसतो. पाण्यावर बादली आपटल्याचा आवाज अजून झालेला नसतो.

तेवढ्यात दोर हातात सैल पडतो. खाली कोणीतरी बादली धरावी, तसा.

मग ती जड होते.

फिद्दा वाकून बघत नाही. "देव तुमच्या हातांना बळ देवो," असं पुटपुटते, आणि भरलेली बादली वर ओढून घेते.