ताईला कुणी बुजत नाही

तळ्याकाठी आठवडाभर राहायचं आणि प्राणी-पक्षी बघायचे, ही कल्पना माझी. त्यामुळे वैतागायचा पहिला हक्कही माझाच. माझं चष्म्याचं दुकान आहे. ‘आता नीट दिसतंय का?’ हे लोकांना विचारण्यात जन्म चालला आहे. दुकानातली सगळ्यात भारी दुर्बीण मी उचलली आणि ताईला गाडीत बसवलं.

ताईचं मोठं ऑपरेशन झालं होतं. जखम भरली, पण ताई काही भरून आली नाही. धड जेवायची नाही, हसायची नाही. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली मला बघवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, हवापालट करून बघा. मला माझी ताई परत हवी होती, बाकी काही नको.

निघताना तिचा कुत्रा ठोंब्या शेजारच्या काकूंच्या हातून निसटला आणि गाडीमागे धावत सुटला. ताईने भरवल्याशिवाय तो जेवतसुद्धा नाही. ‘येते रे लगेच, बैस तिथे,’ ती खिडकीतून ओरडली, तेव्हा कुठे तो फाटकाशी जाऊन बसला.

केबिन लहानशी, लाकडी. दोन खाटा, एक शेगडी आणि दारापासून थेट पाण्यात शिरलेला फळ्यांचा धक्का. किल्ली देताना रखवालदार म्हणाला, ‘हरणं येतात, बगळे तर आहेतच. नशीब असेल तर पाणमांजरही दिसेल. फक्त आवाज करू नका.’

आवाज! मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. तरी दार उघडलं की बदकं फडफडत उडायची, दुर्बीण डोळ्याला लावली की हरणांच्या पळत्या शेपट्या दिसायच्या. संध्याकाळी ताई धक्क्यावर येऊन नुसती खोकली, तर अख्खं तळं रिकामं झालं. झोपताना डासांनी आम्हां दोघींना फोडून काढलं.

‘तुला उडणारे जीव बघायचे होते ना? घे, बघ,’ ताई दंड खाजवत म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिने माझी टिंगल केली होती.

सकाळी जागी झाले तर तिची खाट रिकामी. मी घाबरून उठेपर्यंत ती दारातून आत आली. कपडे गुडघ्यापर्यंत ओले.

‘कुठे गेली होतीस?’

‘पाण्यात पाय सोडून बसले होते जरा. छान आहे गं पाणी.’

‘एकटी? मला उठवायचं तरी!’

‘तू घोरत होतीस, छोटे,’ ती म्हणाली आणि समोरचा सगळा पाव अंड्यांबरोबर खाऊन टाकला. तिला तसं खाताना बघून मी भांडायचंच विसरले.

तेव्हापासून ताई सुधारत गेली आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. मी झुडपात दबा धरून पाय आखडून घ्यायचे, हाती काडीचंही लागायचं नाही. ताई धक्क्यावर आरामात पेरू खात बसायची आणि खंड्या तिच्यापासून हातभर अंतरावर सूर मारायचा. एकदा तर बगळा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, पंख साफ करत. मी झुडपातून मान वर काढली मात्र, स्वारी पसार.

‘तू काय करतेस नक्की?’ मी चिडून विचारलं.

‘काही नाही. बसते.’

‘मग मी काय नाचते?’

ती हसली. मलाही हसू आलं, पण आतून मी धुमसत होते. माझी दुर्बीण, माझी रजा, आणि मानकरी हीच!

डासांचं माझ्या उशिराच लक्षात आलं. माझे हातपाय लाल गांध्यांनी भरले होते. ताईच्या दंडावर पहिल्या रात्रीच्या जुन्या खुणा होत्या, त्याही पुसट झालेल्या. नवी एकही नव्हती. मी तिला मलम देऊ केलं, तर म्हणाली, ‘मला कुठे चावतात?’

रखवालदार दूध घेऊन आला तेव्हा ताई पायवाटेवर फिरत होती. झाडीतून एक हरणी निघाली आणि समोरून चालत आली. वाट अरुंद होती. हरणी थांबली नाही, कान टवकारले नाहीत, बाजूलाही झाली नाही. ताईच्या कमरेला अंग घासून ती पुढे गेली, जशी झुडपाला घासून जावी. मग तिला आम्ही दोघं दिसलो आणि तिने उडी मारून झाडी गाठली.

‘बघितलंत? हिचेच तेवढे लाड करतात,’ मी म्हटलं.

रखवालदाराने दुधाचं भांडं पायरीवर ठेवलं. आत आला नाही. ‘आठवडा पुरा करायलाच हवा असं काही नाही,’ तो म्हणाला. ‘जायचं असेल तर आजच जा.’

‘का?’

‘असंच.’

मी गेले नाही. पाणमांजर बघायचंच, या हट्टाला पेटले होते.

आणि ते आलं.

ऊन उतरत होतं. मी दाराआड होते, ताई धक्क्याच्या टोकाला उभी. पाण्यात एक रेघ उमटली. ओलं, काळपट डोकं वर आलं. तोंडात मासा धरून ते धक्क्यावर चढलं आणि ताईच्या पावलांवर बसलं. दगडावर बसावं तसं. तिथेच मासा फोडून खाऊ लागलं.

‘आलं गं, छोटे! बघ, आलं!’ ताई मोठ्याने ओरडली. टाळ्या पिटल्या.

पाणमांजराने मान वर केली नाही.

ती पुन्हा ओरडली. ते मासा खात राहिलं.

दाराआड माझा श्वास अडकला. एवढासाच आवाज झाला.

त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं आणि पाण्यात उडी घेतली.

मी त्याच संध्याकाळी सामान भरलं. ‘बघितलं की हवं ते, मग अशी काय करतेस?’ ताईने विचारलं. गाडीत मी तिचा हात धरून बघितला. उबदार होता. नाडी लागत होती. ती वाटभर गप्पा मारत होती, अगदी पूर्वीसारखी. हीच तर मला हवी होती.

घराशी गाडी थांबली तशा काकू बाहेर आल्या. ‘अगं बाई, चेहरा काय तरतरीत दिसतोय तुझा!’ त्यांनी ताईला जवळ घेतलं.

ठोंब्या सुसाट आला. माझ्या अंगावर उडी मारली, तोंड चाटलं. मग गाडीत शिरला. ताईची जागा हुंगली, तिची शाल दातांनी ओढली, सीटखाली डोकं घातलं.

‘ठोंब्या, अरे इकडे बघ! मी इथे आहे!’ ताई हाका मारत होती.

तो उतरला, तिच्या पायांजवळून गेला आणि फाटकाशी बसला. रस्त्याकडे तोंड करून.

‘रुसलाय मेला,’ ताई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. ती गुणगुणत होती.

मी ठोंब्याजवळ जाऊन बसले. त्याने माझे हात हुंगले. मग माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. तिला कुठे ठेवून आलीस, असं विचारल्यासारखं.

‘चला, जेवायला चला दोघं,’ आतून ताईने हाक मारली.

मी एकटीनेच मान वळवली.