संहारन्यास

शरीर दुरुस्त करणारे दवाखाने आता जुने झाले. नव्या दवाखान्यांत शरीराचं भान दुरुस्त करतात.

डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं, कारण मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो. त्याला ‘अंगभान’ म्हणतात. एका कपाळपट्टीने ते टिपता येऊ लागलं आणि दुसऱ्याच्या मेंदूत उतरवताही येऊ लागलं. त्या पट्टीचं सोनं पहिल्यांदा केलं ते इचलकरंजीच्या रेवा कोष्टीने. मुलगा म्हणून जन्मलेली, भांडून बाई झालेली ही डिजिटल चित्रकार तंत्रसाधनाही करायची. बोटांनी एकेका अवयवाला स्पर्श करून तिथे मंत्राक्षर बसवायचं, हा न्यास. तंत्राच्या मते देह आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो.

तिच्या गुरू अंबूअक्कांचा नियम कडक होता. आधी संहारन्यास करून पायापासून डोक्यापर्यंत जुना देह मोडायचा. लगेच सृष्टिन्यास करून डोक्यापासून पायापर्यंत नवा बसवायचा. “मधे उठशील तर ना इकडची राहशील ना तिकडची,” अक्का बजावायच्या.

रेवाने दोन्ही न्यास करताना स्वतःचं अंगभान टिपलं आणि प्रदर्शनात मांडलं. लोक पट्टी लावून तिचा देह आतून अनुभवायचे, रडायचे, आणि बाहेर पडल्यावर तिच्याकडे बघून नाकं मुरडायचे. एवढं ती सोसत आली होती.

पण आज ती, तिला ताई मानणाऱ्या निहारला घेऊन डॉ. चौगुल्यांच्या दवाखान्यात शिरली ती तडकलेलीच. निहार चोवीस वर्षांचा. मुलगी म्हणून जन्मलेला, घरच्यांच्या लेखी अजून निहारिका. लग्न ठरल्यावर आत्याने त्याला इथे आणून ‘सरळ’ करून घेतलं होतं.

“बसा, रेवाताई.”

“बसायला नाही आले. माझ्या कलाकृतीचं काय केलंत ते सांगा.”

“आमच्या उपचाराचा पूर्वार्ध तुमचाच आहे, प्रदर्शनातून घेतलेला. संहाराने चुकीचं अंगभान पुसलं जातं. मग आम्ही सर्वसाधारण बायकांच्या अंगभानाची सरासरी बसवतो.”

“आणि ती बसली नाही तर?”

चौगुल्यांनी चष्मा पुसला. “पुसलं सगळ्यांचंच जातं. बसतं थोड्यांचं.”

निहारने समोरचा चहा उचलला. कप तिरपा झाला, वाफाळता चहा मनगटावर ओघळला. तो नुसता बघत राहिला.

“भाजलं ना रे!” रेवाने त्याच्या हातातून कप काढून घेतला.

“कुणाचा हात आहे कळत नाही, ताई. आत्या खूश आहे. म्हणते, आता वाद घालत नाहीस, शहाणी झालीस.”

रेवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “याचं आधीचं अंगभान परत घाला. आत्ताच्या आत्ता!”

“ते टिपलंच नव्हतं. आजार कोण जपून ठेवतं?”

मेल्याने हे हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. मग खणातून एक पट्टी काढून तिच्यापुढे सरकवली. “हा तुमचाच सृष्टिन्यास. हवं तर तो बसवू.”

पट्टीकडे बघताना रेवाला स्वतःचीच चीड आली. आयुष्यभर झगडून घडवलेला तिचा देह त्या पट्टीत होता. तो बाईचा होता, आणि निहार आयुष्यभर झगडला होता तो बाई नसण्यासाठी.

“माझ्याकडे फक्त माझं आहे, निहार. तुझं मी कुठून आणू?”

“बाईचं तर बाईचं,” निहार म्हणाला. “कुणाचं तरी असू दे. चालेल ना?”

रेवाने पट्टी उचलून भिंतीवर भिरकावली. तिच्या ठिकऱ्या उडाल्या, चौगुले ओरडत उठले.

निहारने खाली वाकून पट्टीचे तुकडे गोळा केले. हात नीट जागेवर जावा म्हणून तो प्रत्येक वेळी हाताकडे बघत होता.

“हिची दुसरी प्रत असेल ना, डॉक्टर?” त्याने विचारलं.