शेवटच्या गाण्यातले ड्रम्स

थापा मारायची मला सवय नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा मावसभाऊ, आणि त्या दुपारी मी त्याच्याच घरी होते.

दादा पेपरात संगीतावर लिहायचा. जीभ म्हणजे कात्री! तळघरात वाजवणाऱ्या एका रॉक बँडचा पहिला अल्बम त्याने पार धुऊन काढला होता. ड्रमरबद्दल एकच ओळ... ‘याच्या हातात ताल नाही.’

वर्षभराने त्यांचा दुसरा अल्बम आला. या वेळी दादाने तोंडभरून कौतुक केलं. ‘शेवटच्या गाण्यातले ड्रम्स ऐकाच. पोरगं सुधारलंय.’

छापून आलं त्याच दुपारी बँडच्या गायकाचा फोन आला.

“सर, चेष्टा करताय का आमची?”

“अरे बाबा, कौतुक केलंय!”

“आमचा ड्रमर रेकॉर्डिंगच्या आधीच वारला, सर. त्याच्या जागी कुणालाच घेतलं नाही. त्याचे ड्रम्स मांडले, माईक चालू ठेवला आणि त्याची जागा मोकळी सोडून वाजवलं. अख्ख्या अल्बममध्ये ड्रम्स नाहीत.”

दादाने फोन ठेवला.

त्याने ते गाणं लावलं. मी कान देऊन ऐकलं. गिटार... आवाज... मध्येच नुसती शांतता.

“येतंय ना ऐकू?” दादाची मान तालात हलत होती.

मला ड्रम्स काही ऐकू येत नव्हते.

तेवढ्यात संपादकांचा फोन. “बँडची तक्रार आलीय. तासाभरात चूक कबूल कर, नाहीतर सदर बंद!”

वीस वर्षांची अब्रू होती हो ती. दादा मुकाट्याने टाइप करायला बसला. ‘या अल्बममध्ये ड्रम्स नाहीत...’

ठक.

टेबलाच्या खालून.

ठक... ठक.

या वेळी मलाही ऐकू आलं. मी वाकून पाहिलं. खाली कुणी नव्हतं.

दादाने ओळ खोडली. आवाज थांबला.

पुन्हा लिहिली... टेबलावरचा कप हलायला लागला.

“त्याच्या वाट्याला ही एकच चांगली ओळ आली गं,” दादा रडवेला झाला. “ती कशी काढून घेऊ?”

त्याने खुलासा पाठवलाच नाही. सदर गेलं. लोक हसले ते वेगळंच.

गेल्या रविवारी त्याच टेबलाशी चहा पिताना मी गमतीत म्हणाले, “काही म्हण दादा, ताल कच्चाच होता हं त्याचा.”

दादाने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

पण मी बोलून बसले होते.

हे मी माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून लिहितेय. खाली वाकून बघायची हिंमत नाही. एवढंच सांगते...

ताल अगदी पक्का आहे.