जाऊबाईंचा डावा हात

दिवा जरा इकडे सरकव, म्हणजे तुझा चेहरा दिसेल मला. हं. आता सांगते.

तेव्हा आमची लाँड्री होती. खाली दुकान, वर घर. दुकानात कायम ओल्या सुताचा आणि वाफेचा वास. मोठे दीर आणि आमचे हे कपडे आणायचे-पोचवायचे. इस्त्रीच्या टेबलाशी मी आणि थोरल्या जाऊबाई. वर, मागच्या खोलीत सासूबाई पडून असायच्या. झटका येऊन त्यांची डावी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. डोळे तेवढे जिवंत. धडधाकट असताना त्यांनी जाऊबाईंना फार छळलं होतं. मी लग्न होऊन आले तोवर त्यांचा जोर ओसरला होता, म्हणून माझ्या वाट्याला नुसती बोलणी आली.

एक दिवस कॉलर दाबता दाबता जाऊबाई थांबल्या. करंगळीला मुंग्या आल्यात म्हणाल्या. संध्याकाळी मुंग्या गेल्या, पण करंगळीचं भानही गेलं. आठवडाभरात मनगटापर्यंत हात परक्याचा झाला. हलायचा, घड्या घालायचा, पण त्याला काही कळायचं नाही. डावा हात म्हटल्यावर घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. मी त्यांना घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेले.

हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, पडद्यावर हृदय पाहिलं आणि म्हणाले, इथे सगळं ठणठणीत आहे, नसांचं दुखणं असणार, वरच्या मजल्यावर दाखवा. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी हाताला तारा चिकटवून करंट सोडला. नसा उत्तम आहेत म्हणाल्या, आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग जाऊबाईंना डोळे मिटायला लावून त्यांनी करंगळीत सुई टोचली. रक्ताचा थेंब आला.

"टोचलं की सांगा," बाई म्हणाल्या.

"टोचा की," जाऊबाई म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा टोचली, जरा खोल. शेवटी त्या म्हणाल्या, हृदयच असेल, परत खाली दाखवा. चेंडूसारख्या आम्ही दोघी दिवसभर वर-खाली करत राहिलो.

घरी आलो तर मोठे दीर जिन्यातच उभे. दुपारी आई किंचाळली म्हणाले. जिच्या तोंडून इतक्या वर्षांत हुंकारही फुटला नव्हता, ती किंचाळली आणि तिच्या मेलेल्या हाताची मूठ वळली. दिरांचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटलं, आईचा हात परत येतोय.

पुढच्याच आठवड्यात काम करताना जाऊबाईंचं लक्ष चुकलं आणि इस्त्रीची कड त्यांच्या डाव्या हातावर बसली. कातडी जळाल्याचा वास माझ्या नाकात शिरला, आणि त्याच क्षणी वरून किंकाळी आली. जाऊबाईंनी हाताकडे पाहिलं. मग छताकडे. मग इस्त्री सावकाश बाजूला ठेवली... आणि हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मी वर धावले. सासूबाईंच्या हातावर ना डाग, ना फोड. पण उशी घामाने चिंब, आणि डोळे दाराला चिकटलेले.

त्यानंतर पुरुष माणसं बाहेर पडली, की जाऊबाई दुकानाचं फळकूट ओढून वर जायच्या. सासूबाईंचं सगळं त्याच करायच्या. कूस पालटून द्यायच्या, अंग पुसायच्या, चमच्याने पेज भरवायच्या. कामात खोट काढायला जागा नव्हती. वाटी रिकामी झाली, की पदराने त्यांचं तोंड पुसायच्या आणि उजव्या हातात दाभण घ्यायच्या. आपल्याच डाव्या हाताला टोचायच्या. सासूबाईंना ते कळून चुकलं होतं. शेवटचा घास त्या गिळायच्याच नाहीत, गालात धरून ठेवायच्या. जाऊबाई शांत बसून वाट बघायच्या.

मी पाया पडले त्यांच्या. "जाऊबाई, पुरे करा आता."

"मी माझ्याच हाताला टोचते ना गं? मला काही होत नाही. आणि त्यांचा हात तर केव्हाच गेलाय... विचार डॉक्टरांना."

दिरांना सांगितलं, तर ते माझ्यावरच उखडले. माझी बायको आईचं हगणं-मुतणं काढते आणि तू तिच्यावर असली बालंटं घेतेस, म्हणाले. आमचे हेही महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

एके दुपारी वरची किंकाळी मध्येच तुटली. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले.

जाऊबाईंची एकुलती लेक परगावी शिकायला होती, ती आली. आजीचा तिला फार लळा. ती आल्या आल्या आजीचा डावा हात हातात धरून बसली. न्यायची वेळ झाली तेव्हा हात सुटता सुटेना. दिरांनी आईचं एकेक बोट उचकटून पोरीला सोडवलं. मेल्यावर बोटं ताठरतात, असं कुणीसं म्हणालं.

सगळं उरकलं, पोर परत गेली. आता आपला हात पूर्ववत होईल अशी जाऊबाईंची समजूत होती. झाला नाही. एका सकाळी माझ्यादेखत त्यांनी त्यावर तापलेली इस्त्री टेकवली. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. वर काही नाही.

"बघ, संपलं," त्या म्हणाल्या.

फोडावर मलम लावत होतो, तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती रडत होती. वर्गात बसले होते आणि एकदम डावा हात भाजला, दिसत तर काहीच नाही, म्हणाली. "आई, मी कुणाला दाखवू? हृदयाच्या डॉक्टरांना की नसांच्या?"

जाऊबाई होत्या तिथेच खाली बसल्या.

त्या दिवसापासून त्यांनी इस्त्रीला हात लावला नाही. डाव्या हाताला कापूस गुंडाळून वर जाड पट्ट्या बांधल्या. चूल बंद, सुरी बंद. झोपताना हात उशीवर, आणि बाजूला मी पहाऱ्याला. कुठे आपटला, खरचटला, तरी त्यांना स्वतःला कळणार नव्हतं ना. हात कापून टाका, असं डॉक्टरांना सांगायला त्या निघाल्या होत्या. उंबऱ्यातूनच परत आल्या. कापताना पोरीला काय होईल...

मग एका दुपारी आम्ही दोघी दुकानात बसलो होतो. हात टेबलावर, उशीवर ठेवलेला. फोन वाजला. जाऊबाईंनी तो उजव्या हाताने उचलून स्पीकरवर टाकला.

"आई... कुणीतरी माझा हात दाबतंय." लेकीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हळूहळू दाबतंय. बोटं मोडतील गं माझी..."

मी टेबलापासून हातभर लांब होते. जाऊबाईंनी उजवा हात वर धरला होता, मला दिसावा म्हणून. उशीवरच्या पट्ट्यांवर चार खळगे पडले, एकाशेजारी एक. मग पलीकडून पाचवा. आत कापूस दबल्याचा आवाज येत होता.

"आई," जाऊबाई म्हणाल्या. लेकीशी नव्हे, त्या उशीशी. "आई, सोडा ना तिला..."

खळगे आणखी खोल गेले.