भिंतीकडे तोंड करून

तो मोबाईल खाली ठेव, टकर. आणि रेलिन, तू माझ्या बहिणीची नात असलीस तरी मध्येच खिदळलीस तर सरळ घरात जायचं. ही गोष्ट डॉइल हॅथकॉकची आहे. गावाबाहेरच्या लाकूड गिरणीत कामाला आहे तो, चांगला जिवंत आहे. उद्या जाऊन विचारा. सांगणार नाही, पण विचारा.

१४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार. हिवाळ्याचं पहिलं दहिवर त्याच रात्री पडलं. महिनाभरापूर्वी वर्लन टीग गेला होता. अख्ख्या मॅकनेरी काउंटीत त्याच्यासारखं रॉकबिली, आमचं ते जुनं नाचाचं संगीत, गिटारवर वाजवणारा दुसरा नव्हता. तीस वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहून बासच्या जाड तारा ठोकल्यात, मला विचारा. शनिवारी हॉलमध्ये त्याच्या आठवणीसाठी नाच ठेवला होता. डॉइल त्याचा शिष्य, म्हणून मी त्याला म्हटलं, वर्लनचा ॲम्प, गिटारचा आवाज वाढवणारा तो डबा, त्याच्या घरून घेऊन ये. एवढंच काम.

वर्लनची बायको इमोजीन बहिणीकडे कॉरिंथला गेली होती, ती सकाळी परतणार होती. फोनवर तिनं सांगितलं, "किल्ली कुंडीखाली आहे रे बाळा. ॲम्प उचल आणि नीघ. बसू नकोस तिथं."

"पाच मिनिटांत निघतो, काकू," डॉइल म्हणाला.

पाच मिनिटांत कसला निघतोय! त्याच्या पोटात दुसरंच होतं. वर्लनचा गिटारवर वाजवायचा एक तुकडा होता, जेमतेम दहा-बारा सेकंदांचा. बाकी सगळं त्यानं डॉइलला शिकवलं. अंगठ्यात पिक, ती तार छेडायची नखी, घालून जाड तारांवर ठेका धरायचा, तळहाताची कड टेकवून तो दबका ठेवायचा, आणि वर दोन बोटांनी बारीक तारांवर गाणं खेचायचं. "अंगठ्याकडे बघू नको, गाढवा!" वर्लन ओरडायचा. "त्याचा तो चालतो!" पण तो तुकडा आला की पठ्ठ्या खुर्ची फिरवायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. जुने वाजवणारे करायचेच तसं, कुणी बोटं चोरू नयेत म्हणून. "कबरीत घेऊन जाणार काय रे?" आम्ही चिडवायचो. तो हसायचा नाही.

आणि ह्या डॉइलनं न्हाव्याच्या दुकानात दहा जणांसमोर छाती फुगवून सांगून टाकलं होतं, शनिवारी तो तुकडा मी वाजवणार. येत तर नव्हता. शनिवारी गावासमोर शोभा होणार होती.

"म्हणजे चोरायलाच गेला की, आजोबा," रेलिन, तू म्हणशील. म्हण. मीही तेच म्हणालो होतो.

पावणेआठला तो पोचला. मागच्या खोलीत लाकडी फळ्यांची भिंत, आणि तिच्यापासून हातभरावर वर्लनची खुर्ची, भिंतीकडे तोंड केलेली. ॲम्पवर एकोचं जुनं यंत्र. त्यात टेपची पट्टी फिरते, आणि वाजवलेला सूर डोळ्याची पापणी लवेस्तोवर परत येतो. त्याच्याशिवाय आमची गिटार अळणी लागते. डॉइलनं गाडीतून आपली गिटार आणली, खुर्चीत बसला आणि सुरू केलं.

तिसऱ्या सुराला चुकला.

एको आला. तो बरोबर होता.

पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकला. एको पुन्हा बरोबर. भ्यायला हवं होतं ना? अरे, तो खूश झाला! "वा रे म्हाताऱ्या," मोठ्यानं म्हणाला, "मेल्यावर तरी शिकवलंस!" मग काय, एको सांगेल तिकडे बोटं. साडेदहाला तुकडा पुरता हातात बसला. डॉइल म्हणतो, आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग तो थांबायला गेला.

अंगठा थांबला नाही.

त्यानं हात उचलायचा म्हटलं... उचलेना. डावी बोटं आपली आपण तारा दाबत होती. उठायचं म्हटलं, पाय उठेनात. मान वळवायची म्हटलं... नाही. समोर नुसती भिंत. तुकडा संपायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

बारा वाजले. एक वाजला.

मग एको आधी यायला लागला.

आधी एको... मग त्याचं बोट.

डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला ॲम्पची वायर दिसली. जमिनीवर पडली होती. भिंतीतल्या प्लगमध्ये नव्हतीच ती. कधीच नव्हती.

ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही. फक्त वाफ.

आणि मागं...

काय म्हणालास, टकर? कोण होतं? मला काय माहीत? त्याला मान वळवता आली नाही, सांगितलं ना.

...

सकाळी साडेसहाला इमोजीन आली. दारात डॉइलची गाडी बघून अंगातला कोट न काढता धावत आत गेली आणि तारांवर तळहात दाबून धरला. "पुरे!" म्हणाली. डॉइलला नाही. त्याच्या डोक्यावरून वर बघत म्हणाली, "एक नेलास ना माझा? ह्या पोराला सोड."

तेव्हा थांबलं. अंगठ्याचं नख उरलं नव्हतं. डॉइल तिच्या कुशीत लहान पोरासारखा रडला, आणि तीही रडली.

"काका आमच्यापासून हेच लपवत होता?" त्यानं विचारलं.

"लपवत नव्हता रे. एकदा सुरू झालं की मी हात ठेवल्याशिवाय सुटायचा नाही तो. तुम्ही बघून शिकू नये, म्हणून भिंत."

हे डॉइलकडून ऐकलं आणि मला आठवलं. दर नाचाला, त्या तुकड्यानंतर, इमोजीन स्टेजवर चढायची आणि त्याच्या गिटारवर हात ठेवायची. आम्हाला वाटायचं, काय प्रेम! शिट्ट्या मारायचो आम्ही. आज लाज वाटते मला.

शनिवारी डॉइल गिटार न घेता मागच्या बाकावर बसला. "काय रे, तुकडा विसरलास काय?" कुणीतरी टोमणा मारला. डॉइलनं पुन्हा गिटारला हात लावला नाही.

ॲम्प मीच आणला, पुढच्या जूनमध्ये. तेव्हा ती भिंत पाहिली. बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर फळीचं वार्निश पांढरं पडलं होतं, वाळून गेलेलं. वर्लनच्या चाळीस वर्षांच्या श्वासांची वाफ, दुसरं काय. पण त्याच्या वर, माझ्या डोक्यापेक्षाही वर, दुसरा डाग होता. ओला.

"छत गळतंय का गं?" मी विचारलं.

"नाही," इमोजीन म्हणाली. स्टुलावर चढून तिनं फडक्यानं तो पुसला. "मी लग्न होऊन आले तेव्हाही होता. रोज पुसते."

ती स्वयंपाकघरात गेली. मी तिथंच उभा राहिलो. फळी कोरडी होती... मग हळूहळू ओलसर झाली. ओल थांबली.

मग पुन्हा.