निजवलेला साक्षीदार

हरिश्चंद्र गावडे सलग अकराव्या दिवशी निरोगी ठरला. त्या दिवशी त्याचे वजन एकोणचाळीस किलो होते.

साक्षयंत्राचा निकाल अंतिम मानण्याचा तो काळ होता. रक्ताच्या एका थेंबातील प्रतिपिंडे, म्हणजे शत्रू ओळखून शरीराने त्याच्याविरुद्ध घडवलेले रेणू, हे यंत्र वाचत असे आणि रोगाचे नाव सांगत असे. ते नाव उमटल्याशिवाय औषधाचा कप्पा उघडत नसे. शरीराहून त्याच्या शत्रूविषयी अधिक कोणाला ठाऊक असणार, हा युक्तिवाद वरकरणी निर्दोष होता. मात्र साक्षीदार जागा आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते. हरिश्चंद्राचा साक्षीदार, म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती, चार वर्षांपूर्वी औषधांनी हेतुपुरस्सर निजवण्यात आला होता. थोरल्या बहिणीचे, इंदुमतीचे, मूत्रपिंड त्याच्या देहात रुजावे म्हणून.

डॉ. वासंती रेगे यांनी हे सारे इंदुमतीला समजावून सांगितले. पोफळीच्या बागेत अनवाणी राबणाऱ्याच्या तळपायातून शिरणारा एक सूक्ष्म जंत असतो. तो आतड्यात वर्षानुवर्षे आपली पिलावळ वाढवीत राहतो आणि प्रतिकारशक्ती खचली की सर्वांगात पसरतो. डॉक्टरांचा संशय त्याच्यावर होता. परंतु हीच लक्षणे एखाद्या एकपेशीय परजीवीचीही असू शकत होती. दोहोंची औषधे भिन्न, आणि खालावलेले यकृत त्यांतले एकच सोसणार होते.

शौच तपासून जंत दिसत नाही का, असे इंदुमतीने विचारले. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असे, डॉक्टर म्हणाल्या. ती सरावलेली नजर दोन पिढ्यांपूर्वीच संपली. त्यांनी स्वतः दोन दिवस भिंगाला डोळा लावला होता. अळी कोणती आणि न पचलेला भाजीचा तंतू कोणता, हे त्यांना ठरवता आले नव्हते.

“राखणदाराला गुंगी तुम्हीच दिलीत,” इंदुमती म्हणाली, “आणि वर त्यालाच विचारताय, चोर आला का म्हणून.”

“त्याला जागं करता येईल, इंदुताई. प्रत्यारोपणाची औषधं थांबवायची आणि उद्बोधक टोचायचं. तीन दिवसांत तो बोलेल. पण एकदा जागा झाला की त्यानं कोणाकोणाला ओळखावं, हे आपल्या हाती राहत नाही.”

“किडनी दिली ती दिली. माझा भाऊ राहू दे.”

हरिश्चंद्र शुद्धीवर नव्हता. संमतीपत्रावर सही तिनेच केली.

तिसऱ्या दिवशी यंत्रावर दोन नावे उमटली. पहिले जंताचे होते, कप्पा उघडला. दुसरे, प्रत्यारोपणाच्या नोंदीत दात्याचे होते तेच, इंदुमती गावडे. दोन दिवसांत मूत्रपिंड निकामी झाले. राखणदाराला पुन्हा निजवण्यात आता अर्थ नव्हता. उद्बोधकाने जागे झालेले शरीर ओळखलेला शत्रू कधीच विसरत नसे. ते मेलेले मूत्रपिंड मात्र, शस्त्रक्रिया सोसण्याइतकी ताकद येईपर्यंत, आतच ठेवणे भाग होते.

नवव्या दिवशी हरिश्चंद्राचा ताप उतरला आणि त्याने पेज मागितली. रक्त गाळणारे यंत्र उशाशी का चालू आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. इंदुमतीच्या हातात त्या सकाळचा निकाल होता.

“काय आलं गं, आक्का?”

“जंत गेला,” ती म्हणाली. “एकच शत्रू उरलाय म्हणतात.”

त्याने थकून डोळे मिटले.

“मग त्यालाही काढून टाकायला सांग.”