नऊ नंबरचा पिंजरा

"हा माझा कुत्रा नाही," शिंपीमास्तरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि कारकुनानं तिसऱ्यांदा पिंजऱ्यावरच्या कार्डाकडे बोट दाखवलं. नऊ नंबर, तपकिरी नर, परवाना संपलेला, मालकासाठी सात दिवस राखून. नगरपालिकेच्या निवाऱ्यात कार्ड म्हणेल ती पूर्व दिशा!

कालच मास्तरांनी आपल्या भुऱ्याला नऊ नंबरच्या पिंजऱ्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. आज ते नवा परवाना घेऊन आले, तर आत भलताच तपकिरी कुत्रा त्यांच्याकडे पाठ करून बसलेला. मास्तर एकटे, कानांनी अधू. दारावर कुणी आलं की भुऱ्या त्यांना ओढत न्यायचा, तेव्हाच त्यांना कळायचं.

"वहिनी, त्याला मारलं तर नाही ना?" त्यांनी जाळी धरून विचारलं.

त्यांच्याबरोबर आलेली, खासगी तपास करणारी वहिनी पिंजऱ्यावरचं कार्ड वाचत होती. अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणे. तिचे सख्खे दीर, निवृत्त पोस्टमन भाऊजी, मदतीच्या नावाखाली सगळीकडे तिच्याबरोबर जात. त्यांनी वाकून कुत्रा न्याहाळला. एका कानाचं टोक गायब होतं. मारामारीत गेलं असणार, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

मग चौकशी सुरू झाली. आठवडाभरात एकही कुत्रा दत्तक गेला नाही, असं कारकुनानं वही उघडून दाखवलं. टेबल सोडून तो पिंजऱ्यांकडे सहसा फिरकत नसे. निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाई चांगल्याच वैतागल्या होत्या. मालक असलेल्या कुत्र्याला त्या सात दिवस हात लावत नसत. भटक्यांचं नसबंदीचं ऑपरेशन करून, खूण म्हणून कानाचं टोक काढून, जखम भरल्यावर धरलं होतं तिथेच परत सोडायला सांगत.

कुत्र्यांची ने-आण करणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला मात्र घाम फुटला. सकाळी त्यानं कार्ड वाचून आठ नंबरमधला तपकिरी कुत्रा लाकडाच्या वखारीपाशी सोडला होता. कुत्रा फार धडपडत होता, म्हणून डोक्यावर गोणपाट टाकून नेलं.

"हाच चोर," भाऊजी कुजबुजले.

"थांबा हो जरा," वहिनी म्हणाली.

शेवटी भेटला माळी. पिंजरे धुणारा रजेवर होता, म्हणून आज पहाटे, गाडी निघायच्या आधी, पाइप त्याच्या हाती आलेला. स्वारी खुशीत होती. एवढं पाणी मारलं, पण एकही कार्ड भिजू दिलं नाही, हे त्यानं दोनदा ऐकवलं.

वहिनीनं सगळ्यांना पिंजऱ्यासमोर उभं केलं.

"डॉक्टरीणबाई, हा कान कुणी कापला?"

बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "मीच. हा आठ नंबरचा. वखारीचा भटका."

"म्हणजे हा इथे मास्तरांच्या कार्डाखाली कसा आला? माळीबुवा, कार्डं कोरडी ठेवलीत ती काढूनच ना?"

माळ्यानं मान डोलावली.

"कुत्रे कुणीच बदलले नाहीत. बदलली ती कार्डं आणि पिंजऱ्यांचे नंबर. तुम्ही धुतल्यावर नऊचं कार्ड आठच्या दारावर लटकवलंत नि आठचं नऊच्या."

"पण वहिनी," भाऊजी गोंधळले, "पिंजऱ्याचा नंबर कसा बदलेल?"

"नंबर कार्डावरच आहे, भाऊजी. दारावर कुठं काही लिहिलंय का बघा."

भाऊजींनी दारं तपासली. कोरी करकरीत!

"ड्रायव्हरनं कार्ड वाचलं, कान गोणपाटाखाली राहिले, नि भटक्याच्या जागी भुऱ्या वखारीवर गेला. मास्तर," वहिनी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, "तो जिवंत आहे. चला, आणू या."

ड्रायव्हर पुढे धावला. न सांगता गाडी काढली.

वखारीच्या भिंतीशी एक धुळकट तपकिरी कुत्रा उभा होता. दोन्ही कान शाबूत. मास्तर गाडीतून उतरतात न उतरतात, तोच तो अंगावर येऊन आदळला. मास्तर रस्त्यावरच मटकन बसले. भाऊजींच्या जिवात जीव आला, आणि वहिनी उगाच चष्मा पुसू लागली.

भुऱ्या घसा ताणून भुंकत होता. मास्तरांना ते नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी त्याच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि रडता रडता हसले.

"भांडतोय माझ्याशी," ते म्हणाले. "भांडू दे त्याला."